नाडी कुणाच्या हाती?

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्याकडे आला. खेड्यातल्या मास्तराला अशी कामे नित्याचीच. कुणाला सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज हवा असतो, कुणाला बँकेच्या नोटिशीला उत्तर द्यायचे असते. मी कादंबऱ्या लिहितो हे गावाला ठाऊक आहे. पण गावाच्या लेखी माझ्या लेखणीचा खरा उपयोग एवढाच. मी नेहमीप्रमाणे कागद पुढे ओढला आणि विचारले, "कुणाच्या नावाने?"

"कंपनीच्या नावाने, सर. खुलासा मागितलाय."

हा मुलगा दोन वर्षांपासून भिवंडीजवळच्या एका गोदामात कामाला आहे. भिवंडी म्हटले की आमच्या पिढीला यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. आता तिच्या आसपास मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांतून, जेथे भाताची खाचरे होती तेथे, गोदामांच्या लांबच लांब शेडी उभ्या आहेत. मुंबईच्या दाराशी, पण मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर अशी ही जागा. म्हणून व्यापाऱ्यांनी येथे माल साठवावयास सुरुवात केली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली; गोदामे मात्र राहिली आणि वाढली. शहरातल्या माणसाने मोबाइलवर बोट टेकवून साबण किंवा चप्पल मागवली की येथे कुणीतरी मांडणीपासून मांडणीपर्यंत चालत जाऊन ती काढतो. माझा विद्यार्थी हे काम करतो.

त्याच्या मनगटावर घड्याळाच्या जागी एक फिकट पट्टा उमटला होता. तेवढीच जागा गोरी, बाकीचा हात रापलेला. तेथे काय बांधतोस म्हणून विचारले, तेव्हा त्याने सांगितले की, कामगारांच्या तब्येतीसाठी म्हणून काही मुलांना एक पट्टा दिला आहे. पावले मोजतो, नाडी मोजतो, अंगाची उष्णता मोजतो. सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "एका दिवशी चोवीस हजार पावलं पडली, सर."

"मग खुलासा कसला?"

त्याने मोबाइल पुढे केला. अमुक तारखेला दुपारी अकरा मिनिटे काम बंद आढळले, कारण कळवावे, एवढाच मजकूर होता. कारण साधे होते. पत्र्याखाली उकडत होते, डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून तो माल उतरवायच्या दारापाशी गुडघ्यांत डोके घालून बसला होता.

"पण पट्ट्याला तर तुझी नाडी कळत होती ना?"

"कळत असेल. आम्हाला पावलं दिसतात. बाकीचं ऑफिसात दिसतं."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराने शास्त्राच्या वाटेस जाऊ नये, हे मला कळते. तरीही तो पावसाळा मी वाचनात घालवला. माणसाच्या अंगावर यंत्र बांधून त्याचे श्रम मोजावे हे प्रथम कुणाच्या मनात आले, कशासाठी आले, आणि मोजलेला आकडा पुढे कुणाच्या हाती गेला, एवढेच मला शोधायचे होते. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ घड्याळापासून केला पाहिजे. स्कॉटलंडमधील डंडी या शहरात तागाच्या कापडाच्या गिरण्या होत्या. तेथल्या गिरणीत लहानपणी राबलेल्या एका कामगाराच्या आठवणी १८५० साली छापल्या गेल्या. तो लिहितो की, मालक लोक गिरणीतले घड्याळ सकाळी पुढे करीत आणि रात्री मागे सारीत. ही लबाडी कामगारांना ठाऊक होती. पण खिशात स्वतःचे घड्याळ बाळगण्याची छाती कुणाला होत नसे. वेळेचे जरा अधिक ज्ञान असलेला माणूस कामावरून निघण्याची भीती असे. म्हणजे त्या काळी कामगाराच्या अंगावर घड्याळ असणे हा गुन्हा होता. आज ते नसणे हा गुन्हा ठरू पाहत आहे. पावणेदोनशे वर्षांत घड्याळ भिंतीवरून मनगटावर आले, पण त्याचे काटे कुणी फिरवायचे हा प्रश्न जेथल्या तेथेच आहे.

ज्याला अंगावर बांधायच्या यंत्राचा जनक म्हणता येईल, तो माणूस कारखानदार नव्हता. एतियेन-ज्यूल मारे हा फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ १८३० साली जन्मला. १८६० साली त्याने मनगटावर बांधायचे एक हलके यंत्र केले. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्याची तरफ हले आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटे. आमच्याकडे वैद्य बोटांनी नाडी पाहत आणि जे कळे ते त्यांच्या बोटांतच राही. मारेच्या यंत्राने नाडी कागदावर आली. ती दुसऱ्यास दाखवता येऊ लागली, ठेवून देता येऊ लागली. पुढे त्याने बुटांच्या तळाशी हवेची पोकळी बसवली. पोकळीतून रबरी नळी निघे आणि तिच्या टोकाला नोंद करणारे यंत्र असे. पाऊल पडले की हवा दाबली जाई आणि कागदावर खूण उठे. हा प्रयोग त्याच्या १८७३ सालच्या 'प्राणियंत्र' या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात आला आहे. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली: ते नोंदयंत्र चालणाऱ्याने स्वतःच्याच हातात धरलेले असे. माझ्या विद्यार्थ्याची चोवीस हजार पावले ही त्या बुटाचीच वंशज. फक्त नोंदयंत्र हातातून सुटून दूर कुठे तरी गेले आहे.

दुसरा माणूस आंजेलो मोस्सो, इटलीतील तुरीन शहरातला प्राध्यापक. थकवा म्हणजे काय, हा त्याचा ध्यास. त्याने असे यंत्र केले की, हात फळीवर बांधून ठेवायचा, मधल्या बोटाला दोरी आणि दोरीला वजन, आणि ठरावीक ठेक्यावर ते वजन उचलीत राहायचे. प्रत्येक उचल कागदावर उंच रेघ होऊन उमटे. हळूहळू रेघा आखूड होत आणि शेवटी बोट हलेनासे होई. प्रत्येकाच्या रेघांचा उतार वेगळा, जणू प्रत्येकाच्या थकव्याचे हस्ताक्षर निराळे. याच यंत्रावर त्याने आपल्या एका सहकाऱ्याचे बोट तोंडी परीक्षेच्या आधी आणि नंतर तपासले. विद्यार्थ्यांना तास न् तास प्रश्न विचारून आलेल्या त्या गुरुजींच्या बोटात वजन उचलण्याची शक्तीच उरली नव्हती. डोके थकले की स्नायूही थकतात, हे त्याने मास्तराच्याच बोटावर सिद्ध केले! मार्च महिन्याचा अनुभव असलेल्या कुणाही शिक्षकाला यासाठी यंत्राची गरज नाही. पण आमचे सांगणे कुणी मानले नसते, कागदावरची रेघ मानली गेली. मोस्सोचा थकव्यावरचा ग्रंथ १८९१ साली निघाला. हे दोघे विचारत होते की, माणूस कुठे थकतो, आणि का.

नेमक्या याच वर्षांत मुंबईतही मोजदाद चालू होती. ती यंत्राने नव्हती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरण्या चालत, आणि आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या पाहाव्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात. प्रत्येक मागणीत एक माप आहे, आणि ते माप ज्याच्या पाठीवर काम पडत होते त्याने स्वतः घेतलेले आहे. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळू लागली. मोजणे हे मालकाचेच शास्त्र आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

पण लवकरच मोजणाऱ्याचा प्रश्नच बदलला. अमेरिकेतील इंजिनियर फ्रेडरिक टेलर याने थांबघड्याळ हाती घेतले. बेथलहेम येथील पोलाद कारखान्यात १८९९ च्या सुमारास मजूर कच्च्या लोखंडाच्या लगडी गाडीत भरत. एक लगड ९२ पौंडांची, म्हणजे जवळजवळ ४२ किलोंची. टेलरने स्वतः सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे दर माणशी दिवसाचे साडेबारा टन काम साडेसत्तेचाळीस टनांवर गेले, आणि मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर. ही हकिगत त्याने बरीच रंगवून सांगितली असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. तिचे वजन मात्र जगभर पडले. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक!

टेलरला केवळ निर्दय म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. इतके जड ओझे वाहणाऱ्या माणसाच्या हातात दिवसाच्या फक्त ४३ टक्के वेळच ओझे असावे आणि उरलेला वेळ हात मोकळे असावेत, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. त्याचा माणूस घड्याळ पाहून मजुराला 'आता बस' असेही सांगे. विश्रांती ही आळस नव्हे, कामाचाच भाग आहे, हे त्याला कळले होते. फक्त विश्रांती केव्हा हवी हे मजुराच्या कमरेने सांगायचे नव्हते, घड्याळवाल्याने सांगायचे होते. आणि तोच कबूल करतो की, हा वेग झेपणारा मजूर आठांत एक होता. उरलेल्या सातांना त्याच्या हिशेबात जागा नव्हती. १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी तोफखान्यातल्या ओतारींनी थांबघड्याळापुढे काम करण्यास नकार देऊन हातोडे खाली ठेवले. काँग्रेसने चौकशी केली, आणि १९१५ पासून सरकारी तोफखान्यांत थांबघड्याळ वापरण्यास बंदी आली. ती १९४९ पर्यंत टिकली.

टेलरच्याच मार्गाने निघालेले फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे जोडपे थोडे वेगळे. त्यांनी कामगाराच्या बोटांना इवले विजेचे दिवे बांधले आणि अंधारात कॅमेऱ्याची फट उघडी ठेवली. हात जसजसा फिरे तशी प्रकाशाची रेघ चित्रात उमटे. कुठे हात उगाच वळसा घेतो, कुठे वाकावे लागते, हे त्यातून दिसे. त्यांच्या डोक्यातही उत्पादन होते. पण १९१६ सालचे त्यांचे पुस्तक थकवा कमी करण्याविषयी आहे. विटा जमिनीवरून उचलण्याऐवजी कमरेच्या उंचीवर ठेवा, उभ्याने काम करणाऱ्याला बसण्याची सोय द्या, असा त्यांचा उपदेश. एकाच बोटाला बांधलेल्या दिव्यातून माणसाची कंबर वाचू शकते आणि त्याच्याकडून दुप्पट विटाही काढून घेता येतात. दिवा तोच असतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला याचा विलक्षण अनुभव आला. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या प्रकृतीसाठी १९१५ मध्ये एक समिती नेमण्यात आली. देश संकटात, म्हणून माणसे बारा-बारा तास, रविवारीसुद्धा राबत होती. समितीच्या तपासनिसांनी आकडे जमवले तेव्हा दिसले की, तास कमी केले तरी एकूण माल घटत नाही. काही ठिकाणी तो वाढतो. जे लोखंड्यांचे कामगार तीस वर्षांपूर्वी सांगत होते, ते आता सरकारी अहवालात आले.

यानंतरची गोष्ट शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील टेलिफोनचे सामान करणाऱ्या कारखान्याची. १९२७ च्या एप्रिलपासून तेथे जोडणीकाम करणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. तयार झालेला प्रत्येक भाग एका खाचेतून खाली पडे आणि कागदी फितीला भोक पडे. म्हणजे प्रत्येकीचा हिशेब आपोआप. मग कधी पाच मिनिटांची विश्रांती, कधी दहा, कधी खाणे, कधी लवकर सुट्टी असे बदल करून पाहिले. उत्पादन वाढत गेले. शेवटी साऱ्या सवलती काढून घेतल्या, तरीही ते उतरले नाही! साहेबांनी निष्कर्ष काढला की, कुणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे या जाणिवेनेच माणूस उमलतो. यावर पुढे पुष्कळ शंका घेतल्या गेल्या. कारण प्रयोगाच्या मध्येच, १९२८ च्या जानेवारीत, फार बोलतात म्हणून दोन मुलींना बदलण्यात आले होते.

मला त्याच कारखान्यातली १९३१-३२ सालची दुसरी खोली अधिक बोलकी वाटते. तेथे चौदा पुरुष होते. त्यांनी आपसांत न बोलता ठरवून टाकले होते की, दिवसाला एवढेच काम, याहून अधिक नाही. जास्त करणाऱ्याच्या दंडावर इतर जण ठोसा मारीत. कारण अनुभव असा की, आज अधिक काम दाखवले की उद्या तोच दर ठरतो. हे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो हसू लागला. चहाच्या वेळी पोरे मनगटे झटकीत बसतात म्हणे, म्हणजे पावले वाढतात! शिक्षकाला हे नवीन नाही. गुणांवरच सारे अवलंबून आहे हे कळले की, मुले अभ्यास करीत नाहीत, गुण मिळवतात. ज्या मापाने माणसाला शिक्षा होऊ शकते त्या मापाला तो खरे उत्तर देत नाही. मग तब्येतीसाठी बांधलेल्या पट्ट्यालाही खरी तब्येत कळत नाही.

आमच्याकडे 'कार्यक्षमता' हा शब्द कामगारांना प्रथम कळला तो मागांच्या संख्येतून. दोन मागांच्या जागी विणकराने तीन सांभाळावे, कताईवाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात, ही योजना आणि मजुरीचे प्रश्न यांवरून १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. तीन माग एका माणसाला झेपतात की नाही हे पाहण्याची त्यांची ना नव्हती. ते एकट्या मालकाने ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे मला माझ्या वडिलांविषयी लिहिले पाहिजे. आबा लातूरच्या आडत बाजारात हमाल होते. डोक्यावर चुंबळ, हातात आकडा, आणि पाठीवर शंभर किलोचे पोते. पोते थप्पीला लावले की मुनीम त्यांच्या हातावर पत्र्याची एक चकती ठेवी. संध्याकाळी आबा लिंबाखाली बसून चकत्या मोजत आणि मगच मुनीमापुढे ओतत. मुनीम एक जरी कमी म्हणाला तरी सारी टोळी उभी राही. दिवसाचा हिशेब प्रथम आबांच्या खिशात जमे, मग वहीत जाई. मात्र त्या काळाचे मला गोडवे गायचे नाहीत. त्याच चकत्यांच्या लोभाने आबांनी अंगात ताप असतानाही पोती उचलली आहेत, आणि अखेरच्या वर्षांत त्यांना मान वळवून मागे पाहता येत नव्हते. हिशेब हातात असला म्हणजे मान वाचते असे नाही; मानेसाठी कायदा लागतो.

तो कायदा महाराष्ट्राने केला. कारखान्यांचा कायदा १९४८ चा. पण हमाल आज एका आडत्याचा, उद्या दुसऱ्याचा, म्हणून तो त्या कायद्याच्या सावलीत येत नसे. अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना एकत्र आणले आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, भविष्य निर्वाह निधी, सुट्टी, औषधपाणी. आबांच्या टोळीची नोंद पुढे त्याखाली झाली. शंभर किलोंच्या पोत्याऐवजी पन्नास किलोंचे पोते असावे, ही हमालांची जुनी मागणी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची सीमा ५५ किलो सांगितली. हमालाने काट्यावर चढवलेले हे पोते, लोखंड्यांनी मोजलेला रविवार, हे दोन्ही मला एकाच जातीचे वाटतात.

आता पुन्हा यंत्राकडे. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख घेतला. पण ते यंत्र पाठीवर घ्यावे लागे आणि त्याचे वजन ३८ किलो होते. हृदय तपासण्यासाठी माणसाला आधी हमाल व्हावे लागे! १९६५ मध्ये जपानात कमरेला लावायचे दहा हजार पावलांचे मोजयंत्र विक्रीस आले. १९८२ मध्ये फिनलंडने खेळाडूंसाठी तारेविना हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र बाजारात आणले. आज तेच काम मनगटावरचा पट्टा करतो. त्याच्या आतल्या बाजूस हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातले रक्त क्षणभर वाढते आणि परतणारा प्रकाश तेवढा घटतो. त्या चढउतारावरून नाडी कळते. शेजारी एक सूक्ष्म सिलिकॉनचा तुकडा असतो, तो हात हलताच किंचित ढळतो. त्यावरून पावले आणि धक्के मोजले जातात. कमरेला लावायची चकती तर माणूस वेडावाकडा वाकताच थरथरून त्याला सावध करते. ही चकती आबांच्या काळी असती तर, असे माझ्या मनात येऊन गेले.

पण नाडी जलद झाली एवढेच पट्टा सांगतो. उन्हाने, भीतीने, जिन्याने की चहाने, हे तो सांगत नाही. ते माणसालाच विचारावे लागते. जेथे विचारले तेथे फळही दिसले आहे. अमेरिकेतील एका बँकेच्या दूरध्वनी केंद्रात संशोधकांनी कर्मचाऱ्यांच्या गळ्यात बिल्ल्यासारखी यंत्रे अडकवून ते एकमेकांशी किती बोलतात हे पाहिले. त्यावरून सुचले की, सर्वांना चहाची सुट्टी वेगवेगळी न देता एकदम द्यावी. तसे केल्यावर लोक एकमेकांशी बोलू लागले, आणि कामही झपाट्याने होऊ लागले. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

दुसरी दिशाही त्याच दशकातली. २०१८ च्या जानेवारीत अमेझॉन कंपनीला एका मनगटपट्ट्याचे पेटंट मिळाले. कामगाराचा हात कोणत्या खणाकडे जातो हे ध्वनिलहरींनी ओळखायचे आणि थरथरून त्याला सूचना द्यायची, अशी ती कल्पना. २०२३ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समधील माहिती-संरक्षण आयोगाने त्याच कंपनीच्या फ्रेंच गोदाम-शाखेला ३ कोटी २० लाख युरो दंड ठोठावला. तेथे प्रश्न हातातल्या स्कॅनरचा होता: दोन वस्तूंमध्ये सव्वा सेकंदाहून कमी वेळ गेला तरी नोंद, दहा मिनिटे हात थांबला तरी नोंद. अशी पाळत अति आहे, असे आयोगाने म्हटले. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून गोदाममालकांना सांगितले की, कामगाराला त्याच्या कामाचे ठरलेले प्रमाण लेखी कळवा, आणि ज्याच्यामुळे जेवणाची सुट्टी किंवा लघवीला जाणेही अशक्य होईल असे प्रमाण लावू नका. एकविसाव्या शतकात हे कायद्यात लिहावे लागले! आपल्याकडे २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण नोकरीच्या प्रयोजनासाठी माहिती वापरावयाची असेल तर संमती न घेताही ती वापरता येते, अशी वाट त्यात ठेवली आहे.

असो. मारेच्या बुटापासून भिवंडीच्या पट्ट्यापर्यंत येताना मला एवढेच समजले की, कामगाराचे स्वास्थ्य आणि कामगाराची कामगिरी ही दोन्ही एकाच पट्ट्याने मोजली गेली, तरी वाचली जातात वेगवेगळ्या खोल्यांत. माझ्या विद्यार्थ्याची त्या दुपारची वाढलेली नाडी कुठेतरी नोंदलेली आहे. त्याची अकरा मिनिटेही तिच्याच शेजारी नोंदलेली आहेत. चिठ्ठीत फक्त मिनिटे आली. नाडी पाहणारा त्या खोलीत कुणी नव्हता.

आणि मी तरी कोण मोठा? हाच मुलगा आठवीत असताना सोयाबीनच्या सुगीत महिनाभर शाळेत आला नव्हता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी ओळीने 'गै' लिहीत गेलो. का येत नाहीस म्हणून विचारायला त्याच्या घरी गेलो नाही. माझ्याही वहीत मिनिटेच आली होती.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून खुलासा लिहिला. बसण्याचे कारण दोन ओळींत आले. मग मी एक ओळ वाढवली: 'त्या दिवशीची माझ्या नाडीची व अंगाच्या उष्णतेची नोंद आपणाकडे असेल. तिची प्रत मला मिळावी.' मुलगा बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला.

"हे लिहिलं तर राग येईल का, सर?"

मी म्हटले, येईलही. नोकरी तुझी आहे. ही ओळ ठेवायची की नाही ते तूच ठरव.

त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि रात्रीच्या गाडीने गेला. श्रावणात त्याचा फोन आला. अकरा मिनिटांची रक्कम कापली नाही. उन्हाळ्यापुरता दारापाशी एक मोठा पंखा लावला आहे. नोंदीची प्रत मात्र मिळाली नाही, ती सिस्टीममध्ये असते असे सांगितले. मी विचारले, ती ओळ तशीच ठेवली होतीस?

"ठेवली होती, सर," तो म्हणाला. "आता आणखी सहा जणांनी तीच ओळ लिहून दिलीय."